साठ हजारांत जुनं बाथरूम सुधारायचं आहे, खान्देशातलं पाणी धरून सल्ला द्या

बोरीकाठची (अमळनेर)

नमस्कार मंडळी.

आमचं घर सासऱ्यांनी १९९१ मध्ये बांधलेलं. फक्त तळमजला, वर गच्ची. बाथरूम ५ बाय ७ फुटांचं आणि त्याला लागून ३ बाय ४ चा संडास, देशी सीटचा. बाथरूममध्ये खाली शहाबादी फरशी, भिंतीला चार फुटांपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाईल्स, त्यावर ऑइलपेंट. पाईप सगळे लोखंडी.

आता दुखणी. हॉलच्या बाजूने भिंतीला कायम ओल, रंगाचे पोपडे सुटतात. आंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता दाराशी येऊन थांबतं, त्यामुळे दार खालून कुजलंय. नळांच्या तोंडाला पांढरा थर धरतो, कितीही घासा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना जिजी म्हणतो, त्यांचे गुडघे. देशी सीटवर बसणं आता होत नाही, आणि ओल्या फरशीवर पाय टाकताना त्या भिंतीचा आधार शोधतात ते बघवत नाही.

नगरपालिकेचं तापीचं पाणी रोज येत नाही, मधल्या दिवसांत बोर. बोरचं पाणी जड आहे. गच्चीवर टाकी, खाली दोन टिपं (पिंपं) भरून ठेवावी लागतात.

पोस्टाची आरडी सुटली आहे, त्यातले साठ हजार यासाठी काढलेत. इथल्या एका ठेकेदाराने "सगळं फोडून नवं करू" म्हणत १ लाख ४० हजार सांगितले. तेवढे नाहीत आणि कर्ज काढायचं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी येतील, त्याआधी काम उरकायचं मनात आहे.

सगळं फोडायलाच हवं का? टाईलवर टाईल बसते का? पैसा आधी कुठे घालावा?

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

ताई, ठेकेदाराला परत बोलावण्याआधी ओल कुठून येते ते घरच्या घरी शोधा. त्याला रुपया लागत नाही.

रात्री टाकी भरली की आत खडूने पाण्याची रेघ मारा, सगळे नळ बंद ठेवा, सकाळी बघा. रेघेखाली पाणी उतरलं असेल तर लोखंडी पाईप कुठेतरी गळतोय. उतरलं नसेल पण आंघोळी झाल्यावर भिंत जास्त ओली होत असेल, तर दोष फरशीत किंवा जाळीखालच्या ट्रॅपच्या (वास अडवायला आत पाणी धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) सांध्यात आहे. मग एक बादली पाण्यात भरपूर नीळ कालवून जाळीत ओता आणि दुसऱ्या माणसाला बाहेर सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण उघडून उभं करा. निळं पाणी लगेच आणि जोरात आलं तर लाईन मोकळी आहे. रेंगाळत आलं तर लाईन अर्धी भरलीय, थोडंच आलं तर बाकीचं जमिनीत जातंय.

शेवटी टाईल्स ठोकून बघा. पाच रुपयाच्या नाण्याने एकेक टाईल वाजवा. भरीव आवाज म्हणजे टाईल धरून आहे, पोकळ आवाज म्हणजे मागचा माल सुटलाय. पोकळ टाईलवर खडूने फुली मारत चला. कुठलं फोडायचं आणि कुठलं ठेवायचं याचा नकाशाच तयार होतो.

हे केल्याशिवाय कुणाचाही आकडा मान्य करू नका.

---

पुण्यातला_खान्देशी (मूळ पारोळा)

बाथरूम एकदाच होतं, त्यामुळे थोडं ताणून चांगलं करा असं माझं मत. आंघोळीची जागा काचेने वेगळी केली की बाकी भाग कोरडा राहतो, म्हणजे आजींना घसरायची भीती नाही. छतापर्यंत टाईल्स, वर मोठा रेन शॉवर, भिंतीतली लपवलेली फ्लश टाकी. काचेला हल्ली फार पैसे पडत नाहीत. इकडे आमच्या फ्लॅटमध्ये असंच आहे, साफ करायला सोपं जातं.

---

डाऊन_मेल (भुसावळ)

पुणेकर भाऊ, कोरडा भाग वेगळा ठेवायचा तुमचा मुद्दा एकदम बरोबर. पण आपल्याकडे ते काच आणि शॉवर यांनी साधणार नाही. कारण सांगतो.

नोकरीभर रेल्वे क्वार्टरात राहिलो, निवृत्तीनंतर घर बांधलं, त्यामुळे पाण्याचा हिशेब पाठ आहे. पाण्याचा एक किलोचा दाब मिळायला टाकी नळाच्या दहा मीटर वर लागते. ताईंचं घर तळमजल्याचं. शॉवर सात फुटांवर धरला तर गच्चीवरची टाकी त्याच्या वर फार तर सहा-सात फूट, म्हणजे दोन मीटर. दाब ०.२ किलो. एवढ्या दाबावर मोठ्या शॉवरमधून पाणी अंगावर येत नाही, नुसतं ठिबकतं. मग प्रेशर पंप घ्या, त्याची वायरिंग करा, लाईट गेली की परत बादलीच.

काचेचं म्हणाल तर बोरच्या पाण्याचे थेंब वाळले की काचेवर पांढरे डाग राहतात. जड पाण्यातला चुना तो. रोज आंघोळीनंतर काच पुसणारं माणूस घरात असेल तरच काच बसवा. भिंतीत पुरलेल्या टाकीच्या आतल्या रबरी वॉशरवरही तोच थर बसतो आणि ती गळू लागते. बाहेरची साधी टाकी आपण झाकण काढून साफ करू शकतो.

ताई, तुमच्या घरी आंघोळ बादलीनेच होते ना? मग बाथरूम बादलीच्या आंघोळीचंच करा. पुस्तकातले फोटो शॉवरवाल्या घरांचे असतात. पाटावर किंवा स्टुलावर बसून बादलीने आंघोळ करणाऱ्याचं पाणी चार फुटांच्या वर फारसं उडत नाही. छतापर्यंत टाईल्स लावायची गरजच नाही. चार फुटांच्या वर बाहेरच्या भिंतींना मारतात तो इमल्शन रंग मारा. तुमचा सगळ्यात मोठा खर्च इथेच वाचतो.

---

वरण_बट्टी (जळगाव)

डाऊन_मेल काकांना +१. आमच्याकडे वाघूर धरणाचं पाणी येतं आणि तेही रोज नाही, त्यामुळे बाथरूममध्ये पाणी साठवायची जागा आधी ठरवावी लागते हे मी अनुभवाने सांगते.

टिपं कुठे ठेवणार ते मिस्तरीला आधीच दाखवा. टिपाखाली सहा इंच उंचीचा छोटा ओटा करून घ्या, वर कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा. दुकानात कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. ओट्यावर टिप असलं की खालून झाडू फिरतो, झुरळं लपत नाहीत, आणि टिपाला खाली तोटी लावून घेतली तर जिजींना वाकून मग्ग्याने पाणी काढावं लागणार नाही. बादली तोटीखाली ठेवली की काम झालं.

दुसरं म्हणजे कपडे. कपडे बाथरूममध्येच धुत असाल तर धुण्याचा दगड जाळीच्या बाजूला घ्या, दाराच्या बाजूला नको. साबणाचं पाणी दारापर्यंत आलं की घसरण तिथेच होते.

आणि नळ दोन उंचीवर घ्या. एक खाली बादलीसाठी, एक अडीच फुटांवर, जिजी स्टुलावर बसल्या की हाताशी येईल असा. पाईपचा एवढासा तुकडा जास्त लागतो, पण म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागत नाही.

---

बोरीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरणाथडी दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं करून पाहिलं.

टाकीची रेघ सकाळी जागच्या जागी होती. आंघोळी झाल्यावर मात्र हॉलच्या भिंतीवरची ओल खालून वर वितभर वाढली. निळं पाणी चेंबरमध्ये आलं, पण फारच रेंगाळत. टाईल्स वाजवल्या तर जाळीच्या कोपऱ्यातल्या खालच्या तीन ओळी पोकळ आहेत आणि दाराजवळच्या काही. बाकी सगळ्या भरीव वाजतात. सहा इंची टाईल्स तेव्हा फार पक्क्या बसवलेल्या दिसतात.

संडासाचं असं की परसात एक जुना देशी संडास चालू आहे. त्यामुळे आतला बदलून कमोड केला तरी घरच्यांची अडचण नाही.

---

मिस्तरी_धुळे

ताई, रामराम. टाईल्सचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपलं खान्देशनं पाणी भलतं जड शे, त्यात काम करायचं तर मालही तसाच धरावा लागतो.

तुमच्या भिंती फोडायची गरज नाही. तळ मात्र फोडावा लागेल, त्याला इलाज नाही. शहाबादी काढायची, जाळीखालचा जुना ट्रॅप काढायचा, भिंतीच्या टाईल्स खालून दीड फूट चारी बाजूंनी उतरवायच्या. वरच्या भरीव टाईल्स राहू द्या, त्यांच्यावर नवी टाईल अ‍ॅडेसिव्हने बसते. मात्र जुन्या टाईलच्या चकाकीवर माल धरत नाही. आधी तेल, साबण, क्षार घासून काढायचे, मग ग्राइंडरने किंवा छिन्नीने जागोजागी खरवडायचं. अ‍ॅडेसिव्हच्या पोत्यावर "जुन्या टाईलवर चालेल" असं स्पष्ट लिहिलेलं आणि आयएस १५४७७ (टाईल चिकटवायच्या मालाचं भारतीय मानक) छापलेलं बघून घ्या. साध्या सिमेंटच्या घोळावर जुन्या टाईलवर टाईल लावून देतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका. उन्हाळा-हिवाळा झाला की ती सुटते.

जिथून टाईल्स उतरवू तिथला गिलावा वरच्या जुन्या टाईलच्या तोंडाला समपातळीत आणायचा, म्हणजे नवी टाईल एका रेषेत बसते. यात जो घाई करतो त्याच्या भिंतीला दीड फुटावर पोट दिसतं.

आता माप. भिंतींचा घेर २४ फूट, त्यातून अडीच फूट दार वजा, उरले साडेएकवीस. गुणिले चार फूट, म्हणजे ८६ चौरस फूट. १२ बाय १८ इंची टाईलच्या खोक्यात सहा नग येतात, खोकं साधारण पावणेनऊ फूट भरतं. दहा खोकी पुरतात, कापाकापीसाठी एक जास्त धरा, अकरा. टाईल आडवी लावा. आडवी टाईल १२ इंच उंच, चार ओळींत बरोबर चार फूट, वरची ओळ कापावी लागत नाही आणि मजुरीही वाचते. अ‍ॅडेसिव्हचं २० किलोचं पोतं तीन मिलिमीटर थराला पन्नासेक फूट जातं, म्हणजे भिंतीला दोन पोती. खाली १२ बाय १२ ची खरखरीत अँटिस्किड टाईल, चार खोकी.

रंग फिका घ्या. बदामी, हस्तिदंती, फिकट करडा. काळ्या आणि गडद निळ्या टाईलवर जड पाण्याचा प्रत्येक थेंब पांढरा दिसतो. गुजरातेतल्या मोरबीचा माल सुरत रस्त्याने धुळ्याला भरपूर येतो. दुकानदाराकडे मागच्या लॉटची उरलेली दहा-बारा खोकी पडलेली असतात, ती विचारा. छोट्या बाथरूमला तेवढी पुरतात आणि भाव बराच उतरतो. सगळ्या खोक्यांवर शेड आणि साइजचा नंबर एकच आहे ना ते घरी आणायच्या आधी वाचा.

---

डाऊन_मेल (भुसावळ)

मिस्तरी भाऊ, ढाळाचं लिहा ना. ताईंचं पाणी दाराशी साठतंय.

---

मिस्तरी_धुळे

हो, ते राहिलं. दारापासून जाळीपर्यंत सहा फुटांना एक इंच ढाळ धरा. त्याहून कमी दिला तर पाणी रेंगाळतं, फार दिला तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो आणि स्टूल डगमगतं. टाईल बसवण्याआधी खालच्या कोब्यावरच (टाईलखालच्या काँक्रीटच्या थरावरच) पाणी ओतून बघायचं. कोब्यावर पाणी वाहिलं तर टाईलवर वाहणारच. टाईलमध्ये ढाळ काढून देतो म्हणणारा मिस्तरी असेल तर थांबा.

आणि तयार फरशी हॉलच्या फरशीपेक्षा किमान पाऊण इंच खाली राहिली पाहिजे. उंच उंबरा करू नका, जिजींच्या पायाला तो लागेल.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

मी बांधकामाच्या क्षेत्रात आहे. बोरीकाठची ताई, तुमच्या नीळ घातलेल्या पाण्यावरून एक शंका येते आणि ती तपासल्याशिवाय तळ बुजवू नका.

अमळनेरची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर पायावर उभं असतं, ते फारसं हलत नाही, पण बाहेर मातीत पुरलेला पाईप दरवर्षी वर-खाली होतो. त्यामुळे पाईप भिंतीतून बाहेर पडतो नेमक्या त्या जागी सांधा उघडतो. आतून कितीही नवं केलं आणि हा सांधा तसाच राहिला, तर पाणी पायाशीच मुरत राहील आणि ओल परत येईल.

म्हणून ट्रॅपपासून चेंबरपर्यंतची सगळी लाईन नवीन पीव्हीसीची टाका. ती चार-पाच फुटांचीच असेल, खर्च फार नाही. भिंतीतून जाताना पाईप सिमेंटने घट्ट जाम करू नका, भोक पाईपपेक्षा मोठं ठेवून मधली फट लवचीक सीलंटने भरा. भिंतीबाहेर लगेच रबरी रिंगचा सांधा ठेवा, तो थोडा हलला तरी गळत नाही. पाईपच्या खाली आणि भोवती काळी माती परत न भरता वाळू किंवा मुरूम भरा.

नहाणी ट्रॅप घेताना आत दोन इंच पाणी उभं राहील असा खोल घ्या. ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. उथळ ट्रॅपमधलं पाणी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात चार दिवस घर बंद राहिलं तरी आटून जातं.

वॉटरप्रूफिंगबद्दल. कोबा झाला की भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा काढायचा (कोपरा गोलसर भरून घ्यायचा). मग दोन भागांत मिळणारं सिमेंट-पॉलिमरचं कोटिंग ब्रशने, पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. जमिनीवर तर द्यायचंच, भिंतीवरही फूटभर वर न्यायचं. पाणी ट्रॅपच्या कडेनेच सगळ्यात जास्त खाली जातं, म्हणून तिथे कोटिंगमध्ये फायबरची जाळी बसवून घ्या. कोटिंग पूर्ण वाळलं की ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी तुंबवा, पेन्सिलने भिंतीवर रेघ मारा आणि २४ तास ठेवा. हॉलच्या बाजूला स्वतः बघा. इथे पास झाल्याशिवाय टाईलवाल्याला आत येऊ देऊ नका.

एवढ्या लहान बाथरूमला हे सगळं मिळून तीन-चार हजारांत बसतं. ठेकेदार हाच खर्च आधी उडवतात, कारण तो झाकला जातो. माझं तर म्हणणं, साठातले निम्मे पैसे टाईलखाली आणि भिंतीआड गेले पाहिजेत.

---

केळीचं_खोड (रावेर)

आमच्याकडे बाथरूमचं पाणी परसातल्या केळीला सोडलेलं आहे, ताईंनाही तशी सोय करता येईल का?

---

सातपुडा_पायथा (शहादा)

करता येते, पण घराच्या पायापासून दूर. काळ्या मातीत पाणी पटकन मुरत नाही, पायाशी सोडलं तर ओल भिंतीत चढते. बंद पाईपने दहा-बारा फूट लांब न्या. आणि फक्त आंघोळीचं पाणी, संडासाची लाईन वेगळी. ॲसिड टाकून बाथरूम धुतलं त्या दिवशी ते पाणी झाडाला नको.

---

पुण्यातला_खान्देशी

डाऊन_मेल काका, दाबाचा हिशेब मनापासून पटला. इथे सोसायटीला प्रेशर पंप आहे म्हणून कधी विचार करावा लागला नाही. शॉवरची सूचना मागे घेतो. ताई, त्याचे पैसे कमोड आणि हँडलमध्ये घाला.

---

डाऊन_मेल (भुसावळ)

आता पाईप आणि नळ. लोखंडी पाईप आज गळत नाहीत म्हणून ठेवू नका. तीस वर्षांत आतून गंज आणि क्षार चढून भोक करंगळीएवढं राहिलेलं असतं. तळ फोडतोयच, तेव्हा पाईपही बदला. गरम लाईनला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाईप), थंडला यूपीव्हीसी (साधा प्लॅस्टिकचा) चालतो, पण एवढ्याशा कामात दोन प्रकार आणण्यापेक्षा सगळं सीपीव्हीसी सरळ पडतं. नळ बसतो तिथे पितळी आट्यांचं फिटिंगच घ्या. प्लॅस्टिक आट्यात लोखंडी पाना लावून नळ आवळला की तडा जातो आणि तो भिंत बुजल्यावर कळतो.

गच्चीवरून येणारा पाईप उघडा राहिला तर आपल्या ४४-४५ अंशांच्या उन्हात ठिसूळ होतो. त्याला पाण्यात कालवायचा पांढरा रंग मारा. ऑइलपेंट नको, त्यातला थिनर सीपीव्हीसीला चालत नाही.

बादलीच्या नळासाठी मी तर प्लॅस्टिकचाच, पीटीएमटीचा नळ वापरतो. गंजत नाही, दीड-दोनशेत मिळतो, खराब झाला की बदलला. वर दिसणारा एक पितळी क्रोमचा घ्या, हौस म्हणून.

क्षार काढायला लिंबाचं फूल (लिंबूसत्त्व) कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवायचं आणि नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. थर मऊ होऊन निघतो. बाथरूम ॲसिडने नळाची चकाकी जाते आणि टाईलमधला सिमेंटचा सांधाही खाल्ला जातो. आणि मायभगिनींनो, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं.

---

वरण_बट्टी (जळगाव)

काकांच्या शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन.

---

शेवगा (नंदुरबार)

जिजींच्या संडासाबद्दल लिहिते, कारण माझ्या आईचं सगळं मीच केलंय.

कमोड करताय ते चांगलं. तळमजला आहे, पाईप थेट चेंबरला जातो, त्यामुळे काम अवघड नाही. कमोड आणण्याआधी प्लंबरकडून मागच्या भिंतीपासून मैल्याच्या पाईपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून घ्या. भिंतीची टाईल बसल्यावर ते अंतर किती उरेल तेही धरा. दुकानात ९ इंची, १२ इंची असे कमोड मिळतात. माप न घेता आणला तर एक तर टाकी भिंतीला लागते किंवा मागे रिकामी जागा राहते. फ्लश दोन बटणांचा घ्या, छोटं तीन लिटर आणि मोठं सहा. पाणी रोज येत नाही अशा घरात हा फरक महिन्याभरात दिसतो.

मग हँडल. गुडघे दुखणारं माणूस उठताना आधी पुढे वाकतं आणि मग हाताने खाली दाबतं. म्हणून कमोडच्या बाजूला हँडल आडवं, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या जरा वर. आणि आंघोळीच्या जागी एक उभं, दारातून आत पाय टाकताना हाताला येईल असं. जिजींना प्रत्यक्ष स्टुलावर बसवून, उठायला सांगून, त्यांचा हात जिथे जातो तिथे खूण करा. आईच्या वेळी आम्ही तसंच केलं. सगळे ज्या उंचीवर हँडल लावतात त्याच्यापेक्षा तिचा हात चार बोटं खाली गेला. हँडल स्टीलचं आणि विटेच्या भिंतीत खोल स्क्रूने, टाईलवर चिकटवलेलं कधीच नाही. चोषक लावलेली हँडल्स मिळतात, त्यांच्यावर म्हाताऱ्या माणसाचा भार टाकू नका.

संडासाच्या दाराला आतली कडी अशी घ्या की बाहेरूनही नाण्याने उघडता येईल. दार बाहेर उघडणारं करता आलं तर फारच उत्तम. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं.

---

बोरीकाठची

शेवगा ताई, डोळ्यात पाणी आलं वाचून. आजच जिजींना स्टुलावर बसवून खुणा करते.

गरम पाण्याचं काय करावं? सध्या बादलीत हीटरची कांडी टाकतो. कुणी गॅस गीझर स्वस्त पडतो म्हणालं.

---

फेज_न्यूट्रल (जळगाव)

गॅस गीझर बाथरूमच्या आत अजिबात नको. ५ बाय ७ च्या बंद खोलीत जळणारी ज्योत प्राणवायू संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि कडी उघडायची ताकद राहत नाही. अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचतो. बसवायचाच असेल तर परसात उघड्यावर बसवून गरम पाणी पाईपने आत घ्या. पण तुमच्या टाकीच्या उंचीला तो नीट पेटेल का हाही प्रश्न आहे, त्यालाही दाब लागतो.

हीटरची कांडीही लवकरात लवकर बंद करा. तोपर्यंत बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्यात हात नको.

माझा सल्ला असा की गीझर आत्ता घेऊच नका. मार्चपासून जूनपर्यंत आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं असतं. गीझर खरा लागतो थंडीत. आत्ता फक्त सोय करून ठेवा. गरम पाण्याचा पाईप, आणि वायरिंग. दोन हजार वॅटच्या गीझरला साधारण ९ अँपिअर लागतात, म्हणून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट. बटण बाथरूमच्या बाहेर. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओल्या हाताला करंट लागला तर तो क्षणात वीज तोडतो. बाथरूमच्या कामात याच्यासाठी पैसे कमी पडत असतील तर टाईल्स हलक्या घ्या, पण हा बसवा.

आणि अर्थिंग तपासून घ्या. काळी माती उन्हाळ्यात सुकली की जुनं अर्थिंग नुसतं नावाला राहतं. खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. जुन्या घरांत खड्डा कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. तसं असेल तर नवीन करून घ्या.

---

गिरणाथडी (चाळीसगाव)

ताई, कुजलेल्या दारासाठी नवीन दार लगेच घेऊ नका. लाकूड वरून ठणठणीत असेल तर सुतार खालचा कुजलेला भाग कापून नवी पट्टी जोडतो आणि आतून फूटभर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मारतो. हजारभरात काम होतं.

खिडकीवरची सिमेंटची जाळी असेल तर तीही तशीच राहू द्या. ओल जायला तिच्यासारखं काही नाही.

---

बोरीकाठची

यजमानांसोबत बसून हिशेब मांडला. चुकत असेल तर सांगा.

फोडकाम आणि डबर उचलायला ट्रॅक्टर, मिळून ५ हजार. ट्रॅप आणि चेंबरपर्यंतची नवी लाईन साडेचार. सीपीव्हीसी आणि प्लंबरची मजुरी साडेसात. वॉटरप्रूफिंग साडेतीन. टाईल्सची पंधरा खोकी ५,१००, मागच्या लॉटचा माल मिळाला. अ‍ॅडेसिव्ह, सिमेंट, रेती, ग्राउट (टाईलमधल्या फटी भरायचा माल) धरून ५ हजार. गवंड्याची मजुरी उक्ती १० हजार ठरली. कमोड, टाकी आणि संडासाची फरशी साडेसात. नळ आणि स्टीलची हँडल्स साडेतीन. वायरिंग, आरसीसीबी आणि अर्थिंग ४ हजार. दार हजारात. एकूण ५६,६००. वर ३,४०० हाताशी राहतात. गीझर दिवाळीनंतर बघू.

शहाबादी फरशी चांगली निघाली तर परसातल्या संडासाच्या वाटेवर टाकणार आहे.

---

मिस्तरी_धुळे

हिशेब बरोबर आहे. हातचे ३,४०० मोडू नका, फोडल्यावर चेंबरमध्ये काहीतरी निघतंच.

उक्तं काम दिलंय तर पैसे टप्प्याने द्या. तळ फोडून लाईन झाली की एक हप्ता, पाणी तुंबवून बघितलं की दुसरा, टाईल झाली की तिसरा, आणि हजार-दोन हजार आठवडाभर वापरून बघेपर्यंत मागे ठेवा. चांगला मिस्तरी याला नाही म्हणत नाही.

आखाजीच्या आधी म्हणजे काम भर उन्हात येणार. अ‍ॅडेसिव्ह उन्हात लवकर सुकतं, म्हणून एका वेळी दोन-तीन टाईल्सपुरतंच भिंतीवर पसरायला सांगा. कोबा आणि गिलाव्यावर ओलं गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारा, बोरचं चालतं. जमिनीच्या टाईलवर एक पूर्ण दिवस कुणी पाय देऊ नका. ग्राउट जमिनीला आणि खालच्या ओळीला इपॉक्सीचं घ्या, महाग असलं तरी तेवढ्यापुरतं परवडतं. वर साधं चालेल. इपॉक्सी भरल्या भरल्या टाईलवरचा थर पुसून घ्यायला लावा, वाळला की तो निघत नाही.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

एक राहिलं. भिंतीतले पाईप बुजवण्याआधी प्लंबरला सगळी तोंडं बंद करून लाईनवर पंपाने दाब द्यायला सांगा, काटा खाली येतोय का बघा. मग मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पुढे हँडलसाठी किंवा गीझरसाठी भोक पाडताना पाईप नेमका कुठे आहे ते कळतं.

---

बोरीकाठची

मोजपट्टी लावून फोटो काढते आणि इथेच टाकते. जिजींच्या हँडलच्या खुणा भिंतीवर करून झाल्या आहेत, त्यांची मापंही वहीत लिहून ठेवली, कारण नवी टाईल लागली की खुणा झाकल्या जातील. मिस्तरी सोमवारी येतोय. फोडल्यावर चेंबरपर्यंतची लाईन कशी निघाली ते कळवते.